मामांची मैदाने

चार्ल्स डार्विनचा नातू बर्नार्ड डार्विन वकिली सोडून गोल्फवर लिहू लागला आणि १९१० साली त्याचे 'द गोल्फ कोर्सेस ऑफ द ब्रिटिश आइल्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ह्या पुस्तकाची आम्हांला वाटणारी नवलाई अशी, की त्यात खेळाडू गौण आहेत आणि जागा मुख्य. कुठले मैदान कसे वळते, वारा कुठून येतो, कुठल्या टेकडीआड चेंडू दिसेनासा होतो, हे सारे तो एखाद्या नातेवाइकाविषयी लिहावे तशा जिव्हाळ्याने लिहितो. त्याची सर्वाधिक लाडकी मैदाने समुद्रकाठची. इंग्रजीत त्यांना 'लिंक्स' म्हणतात. शेत संपते आणि भरतीची रेघ सुरू होते, ह्या दोहोंच्या मधली ती जमीन. वाळूचे उंचवटे, आखूड चिवट गवत, मेंढ्यांपुरती चराई. नांगराला निरुपयोगी म्हणून ती खेळाला मोकळी राहिली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे सर्वांत जुने मैदान आजही सार्वजनिक मालकीचे आहे. रविवारी तेथे सहसा खेळ होत नाही आणि गावकरी कुत्री घेऊन त्याच हिरवळीवर हिंडतात.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एक नांदेडला आणि एक लातूरला. नांदेडहून समुद्र रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला पाण्याला लागून गोल्फचे मैदान आहे खरे. पण ते लष्करी क्लबचे, तेव्हा आमच्यासारख्यांना कुंपणाबाहेरचेच. तरीही डार्विनचे पुस्तक चाळताना परके वाटले नाही, ह्याचे कारण आमच्यापैकी एकाचे सख्खे मामा. मामांनी गोल्फची काठी जन्मात पाहिलेली नाही. ते पैलवान. विसाव्या शतकाच्या सातव्या आणि आठव्या दशकांत नांदेड, लातूर, बीदर, निजामाबाद ह्या चौकोनात जेथे जेथे हलगी वाजली तेथे तेथे ते लांग कसून उतरले. आज ऐंशीला टेकले आहेत. जिंकलेल्या कुस्त्या विचारल्या तर उडवून लावतात. चांदीची कडी केव्हाच मोडली, एका बहिणीच्या लग्नात आणि एका विहिरीत. मैदाने मात्र विचारावीत! मग बाजेवर उठून बसतात आणि बोटे मोडू लागतात.

'मैदान' हा शब्दही खरे तर पश्चिमेकडचा. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्त्यांचे मैदान भरते. आमच्याकडे दंगल होते. निजामाच्या राजवटीत १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत काढलेल्या ह्या मुलखात आखाड्याची भाषा अर्धीअधिक फारसी-उर्दू आहे. वस्ताद, खलिफा, दंगल, पेच, नूरा कुस्ती. देगलूर-बिलोलीकडच्या दंगलीत तेलुगू जोड येई, निलंग्याकडे कानडी. मामा सांगतात, की हातसडीच्या वेळी समोरचा कोणत्या भाषेत पुटपुटतो ह्यावरून ते त्याचा वस्ताद ओळखत. हे जरा अतिरंजित असावे. पण बोधन-बीदरकडचा पैलवान आणि आपला पैलवान ह्यांच्या उभे राहण्यात फरक असतो, हे आम्हीही पाहिले आहे.

मामांची कसोटी त्रिविध आहे: माती, माणसे आणि ऊन.

मातीची गोष्ट आधी, कारण ती आमच्या प्रदेशाची अडचण आहे. मराठवाडा काळ्या मातीचा. कापसाला, तुरीला, सोयाबीनला ती सोने, कुस्तीला शत्रू. पाणी लागले की फुगते आणि पायाला चिखलाचे जोडे घालते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ढेकळे दगडासारखी होतात. त्यावर कोणी कोणाला आपटले तर निकाल दवाखान्यात लागायचा. म्हणून तालमीच्या हौद्यात तांबडी माती बाहेरून आणावी लागते. ती चाळायची, खडा न् खडा वेचायचा, तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालायचा, सणावाराला कापूर. रोज पहाटे फावड्याने ती उलटीपालटी करायची; हा हौदा खणण्याचा व्यायामच नवख्या पोराला पहिले सहा महिने पुरतो. अशा मातीत पाय रुततो. पण अडकत नाही. घामाने निसटणाऱ्या अंगावर चिमूटभर माती टाकली की पकड बसते. लिंबू-हळदीमुळे खरचटलेले चिघळत नाही अशी समजूत आहे. लातूरच्या दक्षिणेला बीदरच्या पठाराचा जांभा जवळ, त्यामुळे निलंगा-देवणीकडच्या गावांना तांबडी माती सोयीची. नांदेडकडच्यांना ती गाडीभाड्याने महाग पडे. मामांचे एक निरीक्षण असे, की कंजूष गावाची दंगल तिच्या मातीवरून कळते. वर चार बोटे तांबडे आणि खाली ढेकूळ! अशा गावी ते दुसऱ्या वर्षी जात नसत, मग इनाम कितीही असो.

माणसांची कसोटी अधिक सूक्ष्म आहे. नूरा कुस्ती, म्हणजे दोघांनी आधीच ठरवून खेळलेली खोटी कुस्ती, जेथे खपत नाही ते मैदान चांगले. ह्या कसोटीवर त्यांच्या यादीत माळेगावचे स्थान फार वरचे आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी आणि देवणी बैल, असा जनावरांचा मोठा बाजार. दंगलीभोवती बसलेले लोक हे आठवडाभर जनावरे पारखणारे लोक. बैलाचे दात, खूर, वशिंड ज्यांनी चार दिवस हाताने दाबून पाहिले आहे, त्यांच्यापुढे पैलवान लांग कसून आला की त्यांची नजर त्याच्याही खांद्यावरून आणि पोटरीवरून तशीच फिरते. 'तिथं फसवाफसवी चालत न्हाई सर,' मामा आमच्यापैकी दुसऱ्याला नेहमी सर म्हणतात, 'लोक लगेच वळखतेत. म्हनतेत, ह्यानं आज वैरण खाल्ली न्हाई.' थंडीचे दिवस, त्यामुळे अंग तापायला वेळ लागतो हा माळेगावचा एकच दोष. भंडारा मात्र इतका उधळला जातो, की हौद्यात हळद वेगळी घालायची गरज नाही असे ते गमतीने म्हणतात.

लातूरचे सिद्धेश्वर त्यांच्या लेखी दुसऱ्या प्रकारचे मैदान. महाशिवरात्रीची यात्रा, ऊन तापू लागलेले, आणि प्रेक्षक आडत बाजारातले. लातूर हे डाळींच्या व्यापाराचे गाव. हमाल, मापाडी, आडते, गिरणीवाले हे सगळे कुस्तीचे शौकीन. हमालांना मामा सर्वांत वरचे जाणकार मानतात, कारण पाठीवर ओझे कसे पेलते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. आडत्यांविषयी त्यांचे मत तितकेसे बरे नाही. इनाम ते देतात. पण कुस्ती वीस मिनिटांपुढे गेली की घड्याळ पाहतात.

ह्याच लातुरात १९६९ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन झाले. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा तो १९८२ साली झाला. त्या वर्षी गदा उचलली ती निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार ह्यांनी. मामा ते पाहायला नांदेडहून एसटीच्या दोन गाड्या बदलून गेले होते. पुढच्याच वर्षी, १९७० साली, बिराजदारांनी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि १९७२ साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले. १९७७ साली बेळगावात त्यांनी सतपालला चीत केले ती कुस्ती तर आमच्याकडच्या पारांवर अजून सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी प्रत्येकजण बेळगावात हजर असतो हे विशेष. मामा हजर नव्हते आणि तसे सांगतात, म्हणून त्यांच्या इतर गोष्टींवर आमचा विश्वास.

एडिनबर्गचा उल्लेख आला म्हणून आठवले. ह्याच शहराच्या लीथ भागातल्या लिंक्सवर १७४४ साली गोल्फचे पहिले लेखी नियम तयार झाले. कलमे तेरा. बिराजदारांना त्या वाळवंटाशी काही देणेघेणे नव्हते. ते मुदगडच्या आणि कोल्हापूरच्या गंगावेस तालमीच्या मातीतून आले होते आणि तेथे गादीवर लढले. खाशाबा जाधवांचेही तसेच. मातीवर घडलेला हा गोळेश्वरचा पैलवान १९४८ साली लंडनला सहावा आला, गादी म्हणजे काय हे समजून घेतले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतला. गादीवर मातीचा माणूस हरतोच, हे आज सर्रास ऐकू येणारे मत म्हणूनच आम्हांला घाईचे वाटते.

परंतु गादी आणि माती हा फरक खोटा नाही. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुणांची मोजदाद. मातीत जुन्या रिवाजाप्रमाणे वेळ नाही, गुण नाहीत, पाठ टेकेपर्यंत झुंज. महाराष्ट्र केसरीत दोन्हींचे विजेते वेगवेगळे काढून शेवटी त्यांना एकमेकांपुढे उभे करतात. २०२० च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला मातीतून लातूरचा शैलेश शेळके आला आणि गादीवरून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघेही एकाच वस्तादाचे, लातूर जिल्ह्यातूनच गेलेल्या काका पवारांचे पठ्ठे. सदगीर जिंकला आणि त्याने शेळकेला खांद्यावर घेतले. मामांनी ते दूरदर्शन संचावर पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पोरगं चांगलं हाय. जागा चांगली न्हाई.' बालेवाडीच्या बंदिस्त क्रीडागृहाविषयी हा अभिप्राय! त्यांच्या मते जेथे वर छप्पर आहे तेथे पैलवानाला ऊन डोळ्यांवर घ्यायचे की पाठीवर, हे ठरवता येत नाही. ही तिसरी कसोटी. चांगला पैलवान सलामीनंतरच्या पहिल्या फेरीत सूर्य आपल्या पाठीशी घेतो. दुपारी तीनची आणि पाचची कुस्ती म्हणूनच वेगळी.

पश्चिमेकडची मोठी मैदाने मामांनी उतारवयात पाहिली, प्रेक्षक म्हणून. शाहू महाराजांचे खासबाग, जे १९१२ साली खुले झाले आणि ज्याची कल्पना महाराजांना रोमचे कलोसियम पाहून सुचली असे सांगतात, ते त्यांना आवडले. पण देऊळ आवडावे तसे. कोठूनही बसा, हौदा दिसतो, हे त्यांना विशेष वाटले. सांगलीकडचे कुंडलचे मैदान त्याहून अधिक भावले, कारण तेथे डोंगराच्या उताराचीच बैठक होते. उतार म्हटले की ते आपल्या पहिल्या क्रमांकावर येतात.

हा पहिला क्रमांक आहे गोदाकाठच्या एका लहान गावचा. बिलोली-धर्माबादच्या बाजूचे हे गाव. नाव आम्ही मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे लिहायचे आहे ते तेथे राहणाऱ्यांना अडचणीचे ठरू शकेल. गावची जत्रा चैत्रात, हनुमान जयंतीच्या सुमाराला. त्या दिवसांत गोदावरी बारीक झालेली असे आणि पात्रात वाळूचे लांबरुंद पट्टे उघडे पडत. दंगल ह्या वाळूवर. मात्र नुसत्या वाळूवर कुस्ती होत नाही, पाय धरत नाही. गावकरी काठावरचा पोयटा, म्हणजे पुराने आणून टाकलेला मऊ गाळ, टोपल्यांनी आणत आणि वाळूवर वीतभर पसरत. वर पकडीला गाळ, खाली उशीसारखी वाळू. 'कितीबी जोरात पड, हाड वाजत न्हाई,' असे मामांचे वर्णन. प्रेक्षक काठाच्या उतारावर, पायऱ्यांवर बसावे तसे. जेवणाची सोय वर आंब्याखाली. कुस्ती संपली, की जिंकलेला आणि हरलेला दोघेही त्याच डोहात उतरून एकमेकांची पाठ चोळत. हे दृश्य त्यांनी आम्हांला इतक्यांदा सांगितले आहे, की ते आपणच पाहिले की काय असा आम्हांला कधी कधी संभ्रम पडतो. पहिली कुस्ती नारळावर, पोरांची. शेवटची पाच रुपयांवर. पुढे ती एकवीस रुपयांपर्यंत गेली. इतक्या अल्प इनामासाठी बीदरचा पैलवान का येई, असे आम्ही विचारले, तेव्हा मामांनी आमच्याकडे कीव यावी तसे पाहिले.

मराठवाड्यात समुद्र नाही. पण शेत आणि पाणी ह्यांच्या मधली, कोणाच्याच नांगराखाली नसलेली, वाळूची जमीन आमच्याकडेही होती. 'लिंक्स' ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा असेल, तर नदीकाठच्या लोकांचा 'वाळवंट' हा शब्द घ्यावा. पंढरपूरचे चंद्रभागेचे वाळवंट आपल्याला ठाऊक आहे. तो वाळवंट रखरखीत मरुभूमीचा नव्हे. तेथे कीर्तने झाली तशी गोदेच्या वाळवंटात कुस्त्या झाल्या. डार्विनने आपल्या मैदानांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि आमच्याकडे पैलवानांची चरित्रे झाली; ह्या वाळवंटांचे वर्णन करावे असे मात्र कोणा मराठी लेखकाच्या मनात आल्याचे दिसत नाही. माती जितकी आमच्या वाक्प्रचारांत आहे तितकी वर्णनांत नाही. आपण माणसाला मातीत घालतो, त्याला अस्मान दाखवतो, शड्डू ठोकतो, पेचात पकडतो. ही सारी भाषा त्या हौद्यातली. हौदा मात्र मागेच राहिला.

त्या वाळवंटाचे पुढे दोन गोष्टींनी वाटोळे केले आणि त्यांतली एक चांगली आहे, ही खरी पंचाईत. धर्माबाद तालुक्यातला बाभळीचा बंधारा झाला. पाण्यावरून आंध्र प्रदेशाशी वाद झाला तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने ठरले, की बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतील आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागेल. म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस दरवाजे बसले, की वरच्या अंगाला पात्रात पाणी तुंबते. जेथे तुंबते तेथे वाळूचा पट्टा पाण्याखाली आणि काठच्या विहिरींना पाझर. मामांचे स्वतःचे चार एकर रान त्याच पाण्यावर दोन वर्षे हळदीने पिवळे झाले. त्यांना बंधाऱ्याविषयी बोलायला सांगितले, तर ते दंगलीची बाजू घेत नाहीत. 'पानी पाह्यजे,' एवढेच म्हणतात. ज्या मुलखात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथे पाण्यापुढे आखाड्याची बाजू मांडणारा कोणीही वेडा ठरेल, आणि आम्हीही ती मांडत नाही.

दुसरी गोष्ट वाळूउपसा. तिच्याविषयी मामा बोलतात तेव्हा आवाज बदलतो. पाण्याबाहेर जे पट्टे उरले तेथे रात्री टिप्पर उतरले. पोकलेनने पात्र खरवडले, पुरुषभर खड्डे पडले, आणि ज्या उतारावर माणसे बसत तो उतार वाहनांसाठी कापून रस्ता झाला. नांदेडात, लातुरात, पलीकडे तेलंगणात इमारती उठल्या त्यांच्या गिलाव्यात ती वाळू आहे. आमच्यापैकी एकाच्या घराच्याही असेल, पावती कोण विचारतो? स्कॉटलंडात ह्याच्या अगदी उलट घडले. ॲबर्डीनच्या उत्तरेला डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी २०१२ साली गोल्फचे मैदान उघडले, त्यात फोव्हरनच्या सरकत्या वाळूच्या टेकड्या जखडल्या गेल्या, आणि २०२० च्या डिसेंबरात त्या टेकड्यांचा वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ हा दर्जा काढून घेण्याचा निर्णय झाला. तेथे खेळासाठी वाळू गेली. आमच्याकडे वाळूसाठी खेळ गेला. एवढे मात्र खरे, की तेथे काय गेले ह्याची नोंद करणारे कार्यालय होते. आमच्या गावच्या दंगलीची नोंद कोठल्या दप्तरात असणार?

दंगल बंद पडलेली नाही, हे सांगायला हवे. ती आता शाळेच्या पटांगणात होते. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या तांबडी माती विकत आणतात, वर्गणी मोठी होते, आणि शेवटची कुस्ती एक्कावन्न हजारांवर लागते. मुलींच्याही कुस्त्या होतात. सांगलीत २०२३ च्या मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हापासून गावच्या पंचांनी मुलींच्या जोडी लावायला नाही म्हणणे सोडले. आम्ही दोघे मागच्या चैत्रात मामांना घेऊन गेलो होतो. मानाचे पंच म्हणून त्यांना फेटा बांधला, खुर्ची दिली. ते खुर्चीवर बसले नाहीत. वाकून मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, नाकाशी नेली, आणि संयोजक पोराला विचारले, 'ताक घातलंस का रे?' पोरगा म्हणाला, 'आजोबा, यंदा घाईत राह्यलं.' मामांनी त्याला काही म्हटले नाही. सातवीतल्या एका मुलीची कुस्ती लागली, समोरची तिच्याहून हातभर उंच. मामांनी पंचाला बाजूला घेऊन जोड बदलायला लावली, त्यात अर्धा तास गेला, लोक ओरडू लागले, ध्वनिक्षेपकावरून दोनदा विनंती झाली; पण बरोबरीची जोड मिळेपर्यंत त्यांनी हलगी वाजू दिली नाही. मग मिळाली. कुस्ती सहा मिनिटे चालली आणि घिस्स्यावर निकाली झाली.

येताना गाडीत आम्ही त्यांना विचारले, की ह्या नव्या जागेला यादीत कितवे धरायचे. सिद्धेश्वरच्या खाली, म्हणाले, पण कुंडलच्या वर. कुंडल खाली का गेले, ह्यावर आम्ही नांदेडपर्यंत वाद घातला.